श्रावणजींची अटक

आमच्या घराला लागून राहणारे श्रावणजी दरवर्षी श्रावणात स्वतःला अटक करवून घ्यायला जात. थट्टा नाही करत. सकाळी आंघोळ, धुतलेलं धोतर, नीळ दिलेली टोपी, काखेत घडी केलेली चादर, एका हातात पितळेचा गडवा आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत विळा. विळ्याला अनसूयाकाकू कुंकू लावून द्यायच्या आणि फडक्यात दोन भाकरी, वर ठेचा. तुरुंगात पहिल्या दिवशी जेवण भेटते की नाही कोणाला ठाऊक, म्हणून ही तयारी.

मग एसटी. म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट असतं, ते काढून हा माणूस कायदा मोडायला निघे. कंडक्टर नेहमीचाच.

"काकाजी, जाऊन-येऊनचं फाडू का?"

"जायाचंच फाड. वापसीचं सरकार पाह्यन."

संध्याकाळच्या गाडीनं तेच परत. तोच कंडक्टर, तेच अर्धं तिकीट, तोच विळा. आणि चेहरा असा, की जणू मुलगी पाहायला गेले आणि तिकडच्यांनी पाणीही विचारलं नाही.

मी मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की तिची तार काढून नवी गुंडाळून देतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीकडच्या पट्ट्यातलं, दुकान एसटी स्टँडच्या समोर. त्या वर्षांत कापसानं सगळ्यांची कंबर मोडली होती. पण लाइट अशी येई-जाई की मोटारी धडाधड जळत, म्हणून मला बसायला फुरसत नव्हती. दुकानात फोन होता. दाराशी मोटारसायकल होती. फोन आणि मोटारसायकल एकाच माणसाकडे असली, की तो माणूस साऱ्या गावाचा हक्काचा गडी होतो. मी श्रावणजींचा शेजारीही होतो, म्हणजे मग विचारूच नका.

श्रावणात एका दुपारी फोन वाजणार हे ठरलेलं. पलीकडे जंगलखात्याच्या रेंज ऑफिसातले म्हातारे गार्डसाहेब.

"तुमचा बुढा आलाय. सांगा त्याले, उठत नाई."

"द्या फोन." मी ओरडायचो, "काकाजी, काहून त्रास देता त्यायले? या वापस!"

"मी कायदा मोडला," तिकडून शांत आवाज. "मोडला का नाई? मंग अटक करा म्हणा."

दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असत. ती पोट धरून हसत आणि मी शरमेनं मान खाली घालून तार गुंडाळत बसे. माझा स्वभाव तापट. एकदा मी सरळ म्हटलं, "काकाजी, तुमाले लाज नाई वाटत का हो?"

त्यांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "वाटते ना बापू. म्हणूनच तं जातो." मला वाटलं, बुढा मलाच बनवून राह्यला.

हे अटकेचं खूळ कुठून आलं, ते त्यांच्याकडून सगळ्या गावानं ऐकलं होतं. मोटार घेऊन येणारा शेतकरी तार होईस्तोवर माझ्या दुकानात अडकलेला असे, आणि श्रावणजी बरोबर त्याच वेळी येऊन बाकावर बसत.

"तीस सालची गोष्ट हाय, राजेहो. तिकडे लोकायनं समुद्रावर जाऊन मीठ उचललं. आता आपल्याकडे समुद्र कोठून आणाव? आपल्याकडे डबकं बी खारं नाई. मंग आपल्या लोकायनं काय केलं? राखीव जंगलात गेले, विळा काढला अन् गवत कापलं. इंग्रजाचं गवत! कायदा मोडला का नाई?"

"मोडला, काकाजी," असं म्हटल्याशिवाय ते पुढे जात नसत.

"मोडला ना? पण नाव मिठाचं झालं. गवताचं कोणी नाव काढत नाई. कायले काढतीन? गवत ढोरं खातेत."

मग एकेक माणूस येई. गावातले कोण कोण गेले, कोणाच्या डोक्यावर कोणतं पागोटं होतं, शिपायाला पाहून कोण पळालं आणि बायकोनं दार न उघडल्यामुळे कोण परत येऊन अटक झालं. जप्त केलेलं गवत पुरावा म्हणून नाक्यावर ठेवलं होतं, ते फौजदाराच्याच घोड्यानं खाल्लं, हे सांगताना ते स्वतःच हसून बेजार होत. "मंग साहेबानं नवं गवत कापून आणलं! सांगा, कायदा कोणी मोडला?" आणि एक कोलाम आदिवासी होता, त्यानं आतली वाट दाखवली, तोही तुरुंगात गेला, त्याचं नाव मात्र कुठंच लागलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. इथवर आले की श्रावणजी गोष्ट संपवत. "हे तुमच्या पुस्तकात नाई भेटत," असं म्हणून उठत.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात टीव्हीवाले फार यायचे. पांढरी गाडी, मोठा कॅमेरा, पायात बूट. एकदा अशी गाडी स्टँडवर थांबली आणि एका मुलीनं समोरच्या म्हाताऱ्यापुढे माइक धरला. म्हातारा कोण, तर हेच. तिनं कापसाचं विचारलं. यांनी तीस साल सुरू केलं. तिनं दोनदा टोकलं, "आजोबा, कापसाबद्दल सांगा ना."

"कापसाचं सारेच सांगून राह्यले, बाई. मी गवताचं सांगतो."

घोडा गवत खाईस्तोवर कॅमेऱ्याची बॅटरी उतरली. आम्ही महिनाभर टीव्हीपुढे बसलो. ते काही दाखवलं नाही.

आता एक गोष्ट माझ्या लक्षात यायला पाहिजे होती, ती आली नाही. एवढं सारं सांगणारा हा माणूस आपल्या बापाचं कधी सांगत नसे. ग्रामपंचायतीपुढे दगडी खांब आहे. त्यावर सत्याग्रहींची नावं कोरली आहेत आणि पाचवं नाव श्रावणजींच्या वडिलांचं, गणपतरावांचं. कोणी विचारलं, "काकाजी, तुमचे वडील?" की हे म्हणत, "होते ते बी," आणि पुन्हा घोड्यावर येत.

पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचा सत्कार ठरे. शाल, नारळ, मुलांचं गाणं. आणि सत्कारमूर्ती बेपत्ता! एकदा मास्तरांनी मुलांना शोधायला पाठवलं, तर हे कापसाच्या पऱ्हाटीत उकिडवे बसून गवत उपटत होते. गाव म्हणे, केवढा निगर्वी माणूस! बाजारातून घरी जाताना ते खांबापुढून जात नसत. मागच्या गल्लीतून, हापशीला वळसा घालून जात. पाऊस असो, ऊन असो. काकूंना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, चिखलात पाय घसरे, तरी तिकडूनच. आम्ही म्हणायचो, बुढ्याचं डोकं.

काकूंना मात्र या अटकेचं काही वाटत नसे. सकाळी विळ्याला कुंकू लावत आणि संध्याकाळी दोघांच्या भाकरी टाकत.

"काकू, आज ठेवून घेतलं तं?"

"कोण ठेवून घेते रे बाप्पा त्यायले? तीस सालापासून सुरू करतेत, सरकार दोन घंट्यात हात जोडते. मलेच ठेवून घ्या लागलं."

मग गाडीची वेळ झाली की काठी टेकत स्टँडवर येत, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसत. गाडीतून उतरलेला पाय नेमका कोणाचा, ते त्यांना चपलेच्या आवाजानं कळे. "आले," म्हणत आणि उठत. श्रावणजी आल्याशिवाय त्या जेवत नसत. मुलगी लांब दिलेली, घरात दोघंच.

सरकारनं खरी पंचाईत करून ठेवली होती. गवत कापणं हा गुन्हाच राहिला नव्हता. गार्डसाहेबांनी पहिल्या वर्षीच सांगितलं, "काकाजी, डोक्यावर नेता येईल तेवढं गवत न्यायची गावाला परवानगी हाय. घेऊन जा, अजून कापा."

श्रावणजींना हा मोठा अपमान वाटला. "म्हंजे गुन्हाच नाई?"

"नाई."

"मंग कशाचा हाय, ते तरी सांगा!"

दरवर्षी ते जात, गवत कापत, भारा घेऊन ऑफिसात बसत, चहा पीत आणि भाऱ्यासकट परत येत. तो भारा आमची म्हैस खाई. मी एकदा म्हटलं, "काकाजी, आता पुरे. वय झालं." तर माझा हात धरून म्हणाले, "मराच्या आदी एकदा, बापू. एकच रात. आतमंदी."  मी हसलो नाही, एवढं खरं. पण कळलंही काही नाही.

मग गार्डसाहेब रिटायर झाले आणि रेंज ऑफिसात नव्या मॅडम आल्या. नेरकडच्या. तरुण, कडक, चहा-बिहा नाही. त्या श्रावणात फोन दुपारी आला नाही. संध्याकाळची गाडी यायच्या थोडं आधी आला.

"श्रावण गणपत तुमचे कोण?"

"शेजारी."

"सागाचं झाड तोडलंय त्यांनी. उद्या कोर्टात हजर करावं लागेल. घरच्यांना कळवा."

माझ्या हातातली तार सुटली. बायकोला म्हटलं, "काकूले पाह्य," आणि मोटारसायकलला लाथ मारली.

ऑफिसात बाकावर श्रावणजी बसले होते. चादर मांडीवर, गडवा बाजूला, टोपी सरळ केलेली. नवरदेव परवडला, एवढे खूश! टेबलाजवळ मनगटाएवढं सागाचं लाकूड ठेवलं होतं.

"बापू, झालं! लिहून घेतलं मॅडमनं सारं. गुन्हा नंबर बी पडला." मग हळूच म्हणाले, "वाकडं झाड पाहून तोडलं. तसं बी जगत नव्हतं ते."

"वाकडं असलं तरी सागच," मॅडम कागदातून डोकं न काढता म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन बोलल्या तेव्हा मात्र त्यांचा आवाज उतरला होता. "अहो, मला तरी हौस आहे का या वयाच्या माणसाला आत बसवायची? गुन्हा कबूल, चूक झाली, पुन्हा करणार नाही, एवढ्यावर सही करा, दंड भरा आणि जा म्हणते. ऐकतच नाहीत. मला कोर्टात न्यावंच लागेल."

मी जाऊन त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. "काकाजी, एक सही. चूक झाली म्हणा अन् चाला."

"माफी?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. खोलीतली दोन माणसं वळून पाहू लागली. "जीव गेला तरी नाई."

"काहून पण?"

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग जे बोलले ते खाली पाहूनच बोलले.

"माह्या बापानं मागितलती. सारे यवतमाळच्या जेलात व्हते. इकडे माय पोटुशी, मी पोटात आडवा. सुईण म्हने, दोघंबी जातेत. तिकडे निरोप गेला. जेलरनं कागद पुढं केला, चुकलो म्हन अन् जाय. बापानं आंगठा लावला. रातोरात आला, गाडी जुपून मायले डागदराकडे नेलं. माय वाचली. मी झालो. बाकीचे सारे सजा भोगून आले, त्यायची वाजतगाजत मिरवणूक निघाली. माहा बाप घरात दार लावून बसला व्हता."

"मंग खांबावर नाव?"

"खांब आला तवा जुने लोक गेलते. देणाऱ्यायनं दिलं नाव. मी काय सांगू? नाई म्हनू?" ते थांबले. "शाळेत पोट्टे मले म्हनत, माफीचं पोट्टं आलं. मले बापाचा भल्ला राग ये. पोळ्याले बाप आपले बैल घेऊन तोरणाखाली उभा राहे, अन् मी दुसऱ्याच्या बैलाजवळ जाऊन उभा राहो. त्यानं कधी म्हटलं नाई, ये इकडे. आता ते पोट्टे बी मेले सारे. म्हननारं कोणी राह्यलं नाई. पण मले ऐकू येते ना. म्हून म्हटलं, त्याची राह्यलेली सजा आपण भोगाव. एक रात तं एक रात. मंग त्या नावापुढून जाता येईन."

 या माणसानं आपल्याला तोंडावर सांगितलं होतं, लाज वाटते म्हणूनच जातो. आणि आपण तार गुंडाळत होतो. माझे कान गरम झाले.

"बसा मग," मी म्हटलं. "मी बी थांबतो."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी ऐकलं आणि रिसीव्हर श्रावणजींपुढे धरला. "तुमच्या घरून."

फोन हातात धरायची त्यांना सवय नव्हती, त्यांनी तो कानापासून लांब धरला. काकू तर फोनमध्ये अशा ओरडत, की जणू विहिरीत उतरलेल्या माणसाला हाक मारून राह्यल्या. त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"काहून जी, ठेवून घेतलं म्हनतेत तुमाले!"

"हो."

"खरंच?"

"खरंच. गुन्हा नंबर पडला."

"बरं झालं बाप्पा. झालं तुमच्या मनासारखं. भाकर खाल्ली?"

"खाल्ली. तू?"

"मी बी जेवलो. आता निजतो."

"कोठून बोलून राह्यली तू?"

"घरूनच. कोठून बोलीन?"

पाठीमागून एसटीचा भोंगा आला, लांब. मग कंडक्टरची घंटी, आणि कोणीतरी पुसदच्या गाडीचं विचारत होतं. श्रावणजींनी फोन कानाला घट्ट लावला.

"काकूंना आम्ही उठवून थकलो," मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "पायरीवरून हालत नाईत—" आणि फोन कट झाला.

ते रिसीव्हर हातात धरून उभे राहिले.

"आमच्या घरी फोन नाई," ते मॅडमना म्हणाले. कोणी त्यांना तसं विचारलं नव्हतं.

मग खाली बसले, चादरीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"आणा तो कागद."

"काकाजी, मी जाऊन आणतो ना काकूले इथी," मी घाईनं म्हटलं. "तुमी राहा. एक रात तं हाय."

"आंधारात तिचा पाय घसरते. आणा म्हटलं ना."

मॅडमनी कागद पुढे ठेवला, पेन दिला. श्रावणजींनी पेन बाजूला सारला.

"शाई हाय का?"

"सही येत नाही का तुम्हाला?"

"येते. पण आंगठाच लावतो."

मॅडमनी शाईची डबी उघडून दिली. त्यांनी अंगठा नीट बुडवला, कागदावर टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. दंडाचे पैसे मी भरले. निघताना मॅडमनीच गडवा उचलून श्रावणजींच्या हाती दिला.

मोटारसायकलवर ते माझ्या पाठीमागे चादर धरून बसले होते. अर्ध्या रस्त्यात ते काही म्हणाले. वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"बापू, जनमभर मले बापाची लाज वाटली."

"हो, काकाजी."

"आता माही वाटून राह्यली. पोळ्याले तो एकटा उभा राहे ना रे." आणि ते रडले. मोठा माणूस पाठीशी रडत असला की गाडी चालवणाऱ्यानं काय करावं, ते मला ठाऊक नाही. मी गाडी हळू चालवली.

स्टँडवर दुकानाच्या पायरीवर काकू बसल्या होत्या, मांडीवर काठी. श्रावणजी उतरले. दोन पावलं चालले आणि काकूंनी मान वर केली.

"आले? काहून? ठेवून घेतलं व्हतं ना?"

"माफी मागून आलो."

काकूंनी पदर सारखा केला. मग काठी टेकून उठल्या. "बरं केलं. चाला, भाकर वाळून राह्यली."

त्यांनी काकूंचा हात धरला. मी गडवा आणि चादर घेऊन मागं चालू लागलो. हापशीच्या गल्लीचं वळण आलं तशा काकू सवयीनं तिकडे वळल्या. श्रावणजी वळले नाहीत. ते सरळ ग्रामपंचायतीकडे चालत राहिले. खांबावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडला होता. खांबापाशी त्यांनी पाय थांबवला, टोपी काढून काखेत धरली, आणि पुन्हा चालू लागले.

"आज इकडून काहून जी?" काकूंनी विचारलं.

"तिकडून लांब पडते," श्रावणजी म्हणाले.